मोठ्या झाडाखालची जागा

वारा सुटला की माझी मान अजूनही आधी वर जाते. डोक्यावर काय आहे ते बघते, फांदी, फलक, तार, पत्रा, आणि मग आईला फोन करते. "कुठं बसलीयस?" ती म्हणते, "घरात हाय की. आता कुठं बसनार?" बाजार सोडून तिला बरीच वर्षं झालीत, तरी हे उत्तर ऐकल्याशिवाय माझ्या हातातलं काम पुढं सरकत नाही. ही भीती मला कॉलेजात असताना लागली. ती एका झाडानं लावली, आणि त्याच झाडासाठी मी भर चौकात घसा फोडला होता.

शहराचं नाव मी या प्रकरणात घेणार नाही. बारामतीकरांना वाटेल इंदापूर, इंदापूरकरांना वाटेल बारामती, आणि दोघांनाही आपापल्या रस्त्यावरची झाडं आठवतील. तेवढं पुरे. आमचं घर कळंबच्या अलीकडं, कॅनॉलच्या कडेला. आजूबाजूला सगळा ऊस. आमची मात्र भाजी. मेथी, शेपू, कोथिंबीर, वांगी, गवार. भाजीचं रान माणसाला उसासारखं मोकळं सोडत नाही. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी आबा, म्हणजे माझे वडील, मेथी उपटून हौदापाशी आणून टाकायचे, आई आणि मी केळीच्या वाळल्या सोपटानं जुड्या बांधायचो, आणि घरभर ओल्या मातीचा आणि शेपूचा वास भरायचा. शेपूचा वास ज्याच्या अंथरुणाला आहे त्यालाच मी काय म्हणते ते कळेल. विकायला नेण्यासारखं जे नसायचं ते आमच्या ताटात यायचं. किडकी वांगी कापून, कीड काढून, शेंगदाण्याचं कूट घालून आई अशी भाजी करायची की चांगल्या वांग्यांची भाजी कशी लागते हे मला लग्नकार्यातच कळायचं. भाकरी थापायचा आवाज, गोणपाटावर पाणी मारायचा आवाज आणि पहाटे छोटा हत्ती टेम्पोचा हॉर्न. या तीन आवाजांत माझं बाळपण गेलं.

आईचं माहेर निमगाव केतकी. बाजार तिच्या अंगातच होता. शहरातल्या मोठ्या रस्त्याला, शाळेच्या भिंतीसमोर, तिची बसायची जागा होती, आणि ती साधीसुधी नव्हती. ती मोठ्या झाडाखाली होती. विलायती शिरीषाचं ते झाड. त्याचं नाव कुणी घेत नसे, नुसतं 'मोठं झाड' म्हणत. त्याच्या सावलीत पालेभाजी दुपारपर्यंत टवटवीत राहायची, उन्हातल्या बायकांची अकरालाच मान टाकायची. त्यामुळं या जागेवर सगळ्यांचा डोळा. बाजारात जागेला कागद नसतो. जो बसतो त्याची जागा. दोन बाजार चुकवले की तिथं दुसरं कुणीतरी गोणपाट अंथरतं आणि मग भांडून उपयोग नसतो. माझ्या वेळी आई बाळंतीण होती तेव्हा शेजारी उन्हात बसणाऱ्या सुमनकाकूनं तिच्या जागेवर भाजीची पाटी पालथी ठेवून ती राखली होती. सुमनकाकू वर्षभर आईला टोमणे मारायची, "राणीसायब, सावलीत बसून गोऱ्या व्हाल," पण पाटी मात्र तिनं हलू दिली नाही.

त्या झाडाची पानं संध्याकाळी मिटायची. आभाळ भरून आलं तरी मिटायची. खाली बसलेल्या बायका घड्याळ बघत नसत, वर बघत. उन्हाळ्यात काळपट चिकट शेंगा पडायच्या, त्या शेळ्या खायच्या आणि आमच्या चपलांना चिकटून घरापर्यंत यायच्या.

आता हे झाड सांभाळायचं कुणी, ते सांगते. माझं रक्त अजून तापतं ते इथं. झाड कुणाचंच नव्हतं आणि प्रत्येकाचा त्यात एक तुकडा होता. पावसाळ्याच्या तोंडावर वीजवाले यायचे. त्यांचं काम तारांपुरतं, म्हणून ते तारांच्या बाजूच्याच फांद्या तोडायचे, म्हणजे दरवर्षी रस्त्याकडून झाड बोडकं आणि बाजाराकडून भरगच्च. फूटपाथवाले यायचे, त्यांना सिमेंटचे ठोकळे बुंध्याला चिकटवूनच बसवायचे असायचे. ओंजळभर पाणी मुरायला जागा ठेवायची कल्पना त्यांच्या नकाशात नव्हती. रंगवाले यायचे, कुणी बडा माणूस येणार असला की बुंध्याला गेरू आणि चुन्याचे पट्टे. जाहिरातवाले खिळे ठोकायचे. सगळे येऊन आपापलं करून जायचे आणि झाडाकडं पूर्ण, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत, बघणारं एकही माणूस पगारावर नव्हतं.

मग सुशोभीकरण आलं. या शब्दाला मी आजही घाबरते. रस्त्याच्या मधोमध दुभाजक, त्यात बाहेरून आणलेले पाम, दिव्यांच्या माळा, अंथरलेली हिरवळ, आणि कडेची जुनी झाडं अडचण म्हणून काढायची. आम्ही कॉलेजातली पाच-सहा पोरं-पोरी होतो. स्वस्त गुलाबी कागदावर पत्रकं छापली. मजकूर माझा. "नागरिकहो, पामच्या सावलीत एक माणूस उभा राहून दाखवा, आम्ही आंदोलन मागं घेतो." हे वाक्य गावभर झालं. बायका आपापल्या पाट्या घेऊन झाडाभोवती बसल्या, आई सगळ्यात पुढं. झाड राहिलं. मला पश्चात्ताप झाला असं कुणाला या पानावर वाचायचं असेल तर सांगते, झाला नाही. तेव्हा ते झाड निरोगी होतं आणि ते राखणं बरोबरच होतं. वाट लागली ती नंतर, आणि ती प्रेमानं लागली.

झाडाला टेकूनच दत्तूतात्यांची चहाची टपरी होती. तात्या वयानं आबांच्याही पुढचे, बोलायला कमी, चहा गोड. आंदोलनाच्या दिवसांत त्यांनी आम्हाला फुकट चहा पाजला. त्यांची बायको, आमची काकी, त्याच्या आधीच वारली होती. झाड वाचल्यावर त्यांनी स्वतःहून पार बांधायचं ठरवलं. आपल्याकडं झाडाचा मान ठेवायचा म्हणजे पार बांधायचा, याच्यापुढं कुणाचं डोकं चालत नाही. चौकोनी, छातीएवढा, विटांचा, वरून चकचकीत फरशी, आत बुंध्याला भिडेपर्यंत मुरूम-माती भरून दाबलेली. समोर काळ्या दगडावर काकीचं नाव आणि खाली 'यांच्या स्मरणार्थ'. नारळ फुटला, पेढे वाटले. आईची जागा आता पाराच्या आडोशाला आली, पाठ टेकायला फरशी मिळाली. सुमनकाकू म्हणाली, "आता राणीसायबांना सिंहासन बी झालं." सगळे हसले. मीही हसले.

पुढच्या उन्हाळ्यात रस्त्याच्या बाजूनं गटार खोदलं. मशीन आलं आणि मांडीएवढी जाड मुळं चराचरा कापत गेलं. मी पोचले तोवर चर बुजवलाही होता. आणि त्या पावसाळ्यानंतर पाराच्या फरशीला बाजाराच्या बाजूनं एक चीर पडली. बारीक. तात्यांनी ती पांढऱ्या सिमेंटनं भरली. पुन्हा पडली. मग बुंधा जिथं मातीत जात होता तिथं कानाच्या पाळीसारख्या अळंब्या उगवल्या, तपकिरी, कडेला पांढऱ्या. मी एक मोडून काढली. तिच्यामागची साल बोटानं दाबली तर बोट आत गेलं. ओल्या गोणपाटासारखं मऊ. वास आला, शेपूचा नाही, मातीचा नाही, बंद पडलेल्या विहिरीसारखा. मी बोट बाहेर काढलं, वर बघितलं. सगळं झाड, सगळा भार, आईच्या डोक्यावर वाकलेला होता. दुसऱ्या बाजूला फांद्या नव्हत्या, खाली मुळं नव्हती.

त्या दिवसापासून मला नीट जेवण गेलं नाही. घरात पंखा खडखडला तरी मी दचकायचे. उसात वारं शिरलं की जो सळसळाट होतो, तो लहानपणी मला झोपवायचा; आता त्याच आवाजानं मी उठून अंगणात यायचे आणि वारं कुठल्या दिशेचं आहे ते बघायचे. बाजाराच्या दिवशी कॉलेज बुडवून आईबरोबर जायला लागले. ती भाजी विकायची, मी झाडाकडं बघत बसायचे. गिऱ्हाईक विचारायचं, "मेथी कशी दिली?" आणि मी उत्तरच द्यायचे नाही. आई म्हणायची, "हिला नका इचारू. ही झाडाची राखण करती."

एकदा परतीच्या टेम्पोत, रिकाम्या पाट्यांवर बसून, मी तिला सगळं सांगितलं. बुंधा, बोट, वास. म्हटलं, "आये, तू तिथं बसू नको. पलीकडं बस, भिंतीला."

"भिंतीला ऊन हाय."

"असू दे ऊन. जीव मोठा का कोथिंबीर?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "मी उठले तर ती जागा रिकामी ऱ्हाईल व्हय? दुसऱ्याच बाजाराला कुणीतरी बसंल. तिच्या डोक्यावर पडलं तर चालंल तुला?"

इतकी पत्रकं लिहिली, पण इतका सरळ प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. आधी मला फक्त आईची भीती होती. त्या टेम्पोत ती तिच्या जागेवर बसू शकणाऱ्या प्रत्येक बाईची झाली.

मी कचेरीत गेले. उद्यानाचं काम बघणारे साहेब मला ओळखत होते, न ओळखून कसे चालतील. खुर्ची दिली. "मॅडम, तुम्हीच छापलं होतं ना, या झाडाच्या एका फांदीला हात लावाल तर गाठ आमच्याशी आहे म्हणून? आम्ही हात लावला नाही बघा."

"मुळं कुणी तोडली मग?"

"गटार आमच्याकडं येत नाही."

"एका बाजूच्या फांद्या?"

"वीजवाले."

"आणि पार?"

"पार लोकांनी बांधला. लोकसहभाग." ते हसले. "आता तोडायचं म्हणता तर त्यालाही रीत आहे. हरकती मागवाव्या लागतील. तुमच्याच बायका हरकत घेतील."

ते टोमणा मारत होते, पण खोटं बोलत नव्हते. बाजारात कुणाला सांगावं तर उलटं ऐकावं लागे, "तूच म्हणलीस वाचवा." शेवटी तात्यांकडं गेले. निदान पार फोडून माती काढली तर बुंध्याला हवा लागेल, किती कुजलंय ते तरी सगळ्यांना दिसेल, असं मला वाटत होतं. तात्या पेले विसळत होते.

"तात्या, पार काढाय लागंल."

"तुझ्या काकीच्या नावाचा हाय त्यो."

"व्हय तात्या. पर आतनं बुंधा कुजाय लागलाय. माती लागलीय त्याला."

"झाड वाचवा म्हणलीस, वाचवलं. आता म्हणतीस पार फोड. उद्या म्हणशील टपरी उचल." त्यांनी पेला फडक्यावर पालथा घातला. "साखर कमी घालू का तुझ्यात?" म्हणजे विषय संपला.

आणि मग तो बाजाराचा दिवस. वैशाखातली दुपार, हवा अशी कोंडलेली की घाम वाळेना. आई पाराला पाठ लावून गवार निवडत होती. मी वर बघितलं तर पानं मिटायला लागली होती. भर दुपारी. बघता बघता सगळं झाड मिटलं आणि त्याच्यातून काळं आभाळ दिसायला लागलं. कुणीतरी म्हणालं, "आलं बया." आधी धूळ आली, मग प्लास्टिकच्या पिशव्या, मग पहिली गार टपरीच्या पत्र्यावर पडली आणि आवाज झाला.

गारा सुरू झाल्यावर सगळा बाजार झाडाखाली धावला. साहजिकच होतं, आडोसा तेवढाच. कलिंगडवाला, कपडेवाला, शाळेच्या भिंतीकडच्या बायका, पोरं कडेवर घेतलेली गिऱ्हाइकं, सगळी त्या पाराभोवती, एकमेकांना चिकटून. काही पारावर चढली. झाड हलत होतं. फांद्या हलतात तसं नाही, बुंधा हलत होता, आणि दरवेळी फरशीची चीर किंचित उघडायची आणि मिटायची. मी ओरडले. बाहेर व्हा, झाड पडतंय, बाहेर व्हा. चौकसभेत माझा आवाज लांबवर जायचा. त्या दिवशी तो माझ्या शेजारच्या माणसाच्या पलीकडं गेला नाही. मी लोकांचे दंड धरून ओढायला लागले. एक जण म्हणाला, "ए बाई, गारात मारती काय?" सुमनकाकूनं माझा हात झटकला. "डोकं फिरलंय पोरीचं."

आई उठली. गवारीची पाटी उचलून डोक्यावर पालथी घातली, निवडलेली सगळी गवार चिखलात सांडली, आणि ती चालत रस्त्याच्या पलीकडं उघड्यावर जाऊन उभी राहिली. पाटीवर गारा ताडताड वाजत होत्या. बाजारात माल सांडून कुणी उठत नाही. सगळ्यांनी ते बघितलं. सुमनकाकूनं आधी सांडलेल्या गवारीकडं, मग आईकडं बघितलं, आणि शिवी हासडून तीही आपली पाटी डोक्यावर घेऊन निघाली. मग एकेक करत बाकीचे. मला वाटलं, झालं.

पण तात्या पारावरच बसून होते. स्टोव्ह विझवला होता, हात फरशीवर. आईनं ते पलीकडून बघितलं आणि ती परत फिरली. मी तिच्या मागं धावले, तिचा पदर धरला, तो माझ्या हातातून ओढून घेऊन ती त्या हलणाऱ्या झाडाखाली गेली.

"तात्या, उठा."

"तुमी जावा. मी हिला टाकून न्हाय येत."

"ती हितं न्हाय, तात्या. ती असती तर कवाच पळाली असती, तुमाला मागं ठिवून."

तात्यांच्या तोंडावर काहीतरी हललं. हसूच असावं. आईनं त्यांचा हात धरला आणि दोघं बाहेर आली. तेवढ्या वेळात माझ्यातून किती आयुष्य गेलं ते मी कधी मोजलं नाही.

झाड पडलं नाही. गारा थांबल्या, ऊन पडलं, पानं पुन्हा उघडली. आम्ही सगळे रस्त्यात भिजून, डोक्याला टेंगळं आलेले, आणि ते समोर तसंच उभं. कोथिंबिरीचा चोथा झालेला. कलिंगडवाला म्हणाला, "काय पुढारीणबाई, पडलं का?" लोक हसले, आणि हसण्यात राग होता, कारण नुकसान झालं होतं. एकेक जण परत आपल्या जागेवर गेला. आई गेली नाही. भिंतीकडच्या चिखलात गोणपाट टाकून, जी काय मेथी उरली होती ती मांडून बसली.

संध्याकाळी घरी आबांनी विचारलं, "एवढी गवार कुठं गेली गं?" तिनं सांगितलं. आबा म्हणाले, "आगं पर झाड तर पडलं न्हाय."

"न्हाय पडलं."

"मग तुला वाटलं व्हतं का पडंल म्हणून?"

"मला काय झाडातलं कळतंय." ती चुलीतलं लाकूड मागं ओढत होती. "हिचं तोंड बघितलं. असलं तोंड मी हिचं कधी बघितलं नव्हतं. मग कोन बसतंय तितं."

पुढं त्या झाडाचं काय झालं ते लोक विचारतात. त्या हिवाळ्यात तात्यांनी स्वतः पहार घेऊन पार फोडला, मला न बोलावता. आतलं बघितल्यावर बायकांनीही हरकत घेतली नाही आणि झाड वरून खाली, तुकड्यातुकड्यानं उतरवलं गेलं. बुंधा निम्मा भुसा झाला होता आणि निम्मा लोखंडासारखा घट्ट होता. म्हणजे ते पडलं असतं की नसतं, हे कुणालाच कधी कळणार नाही. जागेवर आता पाम आहे.

पण मला सांगायचा आहे तो गारांनंतरचा पहिला बाजार. झाड उभंच होतं, आणि आईची जागा रिकामी होती. मी टेम्पोतून उतरले तेव्हा माझी नजर त्या जागेवरच होती, कारण ती रिकामी राहणार नाही हे आईनंच मला सांगितलं होतं. आई भिंतीला, उन्हात, डोक्यावर पदर ओढून बसली. नवाचा सुमार झाला आणि एक नवीन पोरगी आली, लिंबाचं पोतं घेऊन, बाजाराला पहिल्यांदाच आलेली दिसत होती. तिनं ती सावली बघितली, तिचा आपल्या नशिबावर विश्वास बसेना, आणि तिनं गोणपाट झटकलं.

सुमनकाकू आपल्या जागेवरून उठली. "ए पोरी. तितं न्हाय बसायचं."

"का वं मावशी? कुनाची हाय का जागा?"

"कुनाची न्हाय."

"मग सावली हाय की हितं."

"हाय ना. तरी न्हाय बसायचं." काकूनं आपली वांग्यांची पाटी एका हातानं बाजूला सरकवली, मग गोणपाट आवरलं, मग मांडी आखडून घेतली. तिच्या शेजारची बाई काही न विचारता तेवढीच सरकली, तिच्या शेजारची तिच्यासारखीच. त्या उन्हाच्या रांगेत लिंबाच्या एका पोत्यापुरती जागा झाली. "ये, हितं बस," काकू म्हणाली. "आन सारखी वर नको बघू, आमची पोरगी हाय त्याला."

मी वरच बघत होते.